दडपशाहीच्या भविष्यातले शहर पडद्यावर कसे उभारावे

विज्ञानपटासाठी दडपशाहीखाली पिचलेले भविष्यातले शहर रचायला घेतले की नव्या दिग्दर्शकाच्या डोळ्यांसमोर बहुधा आधी निऑनचे फलक, मुसळधार पाऊस आणि उडत्या गाड्या येतात. यात गैर काही नाही, मात्र त्यांची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी. सुरुवातीला कागदावर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहून काढावे : हे शहर कोणाच्या मालकीचे आहे, आणि त्यातला उजेड, उंची, मोकळी जागा व डागडुजी कोणाच्या वाट्याला येते? हे उत्तर नेमके असेल तर सेट, लेन्स आणि रंग यांविषयीचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघतात. ते नसेल तर कितीही खर्च केला तरी पडद्यावर केवळ सजावट दिसते.

फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटात हे उत्तर उभ्या रेषेत मांडलेले आहे. मालकवर्ग मनोऱ्यांत आणि उद्यानांत राहतो, तर कामगारांची वस्ती जमिनीखाली आहे, त्यामुळे कोण कोणाच्या डोक्यावर बसले आहे हे सांगायला शब्द लागतच नाहीत. या चित्रपटासाठी ऑयगेन शुफ्टान यांची आरशाची युक्ती वापरली गेली. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत आरसा ठेवून त्यात इमारतींच्या छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब पाडायचे, आरशाच्या काही भागावरचा मुलामा खरवडून काढायचा आणि त्या पारदर्शक भागातून दूरवर उभे असलेले नट चित्रित करायचे, अशी ती पद्धत होती. आज हेच काम संगणकावर होते, पण त्यातला धडा जुना झालेला नाही. अवाढव्य इमारत एकटी दाखवली तर तिची उंची जाणवत नाही. त्याच फ्रेममध्ये हालचाल करणारा माणूस असेल, तरच ती अंगावर येते.

यानंतर शहराला वय द्यावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला दिला पाहिजे, कारण सगळ्या वस्तू एकाच दिवशी बनल्यासारख्या दिसणे हा अशा चित्रपटांतला सर्वांत मोठा दोष असतो. १९८२ सालच्या 'ब्लेड रनर'मध्ये रिडली स्कॉट आणि आरेखनकार सिड मीड यांनी नवे शहर बांधण्याऐवजी जुन्या इमारतींवर नव्या यंत्रणा चढवल्या, आणि १८९३ साली बांधलेली लॉस एंजेलिसची ब्रॅडबरी बिल्डिंग तिच्या लोखंडी जिन्यांसह भविष्यात नेऊन ठेवली. हीच रीत लहान निर्मितीतही वापरता येते. एखादी खरी जुनी इमारत निवडावी आणि तिच्यावर गेल्या काही दशकांत कोणती संकटे आली असतील ते क्रमाने लिहावे. हवा बिघडली असेल तर भिंतींवरून हवेचे पाइप जातील. पाणी तुटपुंजे असेल तर टाक्या, कुलूपबंद नळ आणि मीटर येतील. भीती वाढली असेल तर खिडक्यांना जाळ्या लागतील. प्रत्येक थर आधीच्या थराला थोडा झाकतो, थोडा मोडतो आणि कोणाच्या तरी सोयीसाठी बसवलेला असतो. टेरी गिलियम यांच्या १९८५ सालच्या 'ब्राझील'मध्ये असे जाडजूड पाइप थेट घरांच्या आत घुसतात आणि राहणाऱ्याच्या खासगी जागेवर यंत्रणेने केलेला कब्जा एका दृष्टिक्षेपात कळतो.

झीज रंगवतानाही कारण शोधावे. गंज खिळ्यापासून आणि सांध्यापासून खाली ओघळतो, काजळी हवा बाहेर पडते त्या झरोक्याभोवती धरते, आणि माणसांचे हात वारंवार लागतात त्या कडा काळवंडतात किंवा गुळगुळीत होतात. सगळीकडे सारखाच मळ फासला तर प्रेक्षकाला ते नेमके सांगता येत नाही, पण खोटेपणा मात्र जाणवतो.

प्रकाशाच्या बाबतीत अंधार किती ठेवावा यापेक्षा उजेड कोणाकडून येतो हा विचार महत्त्वाचा आहे. 'ब्लेड रनर'चे छायालेखक जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी बाहेरून फिरते, प्रखर झोत खोल्यांत सोडले. त्या घरांतला माणूस स्वतःच्या घरातही एकटा नाही, ही भावना संवादाविना निर्माण होते. म्हणून पात्राच्या ताब्यातला दिवा लहान, उबदार आणि अपुरा ठेवावा, तर त्याच्यावर पडणारा मोठा प्रकाश बाहेरचा, त्याला बंद न करता येणारा असावा. जाहिरातीचा फलक, पहाऱ्याचा दिवा किंवा समोरच्या इमारतीचा झगमगाट हे त्याचे स्रोत होऊ शकतात, फक्त प्रत्येक स्रोत कथेत कोणाचा आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

पाऊस आणि धूर यांचा उपयोग निव्वळ उदासीसाठी करू नये. धुरामुळे दूरची वस्तू फिकी आणि जवळची गडद दिसते, त्यामुळे छोट्या सेटलाही खोली येते आणि जिथे सेट संपतो ती जागा झाकली जाते. पावसाचे थेंब मागून प्रकाश टाकल्याशिवाय कॅमेऱ्यात नीट उमटत नाहीत. कोरड्या रात्रीही जमीन ओली करून घेतली तर मोजकेच दिवे रस्त्यावर प्रतिबिंबित होऊन दुप्पट वाटतात. प्रतिकृती चित्रित करताना मात्र पाण्यापासून जपावे, कारण थेंबाचा आकार लहान करता येत नाही. प्रतिकृतीतली हालचाल भारदस्त दिसावी म्हणून चित्रणाचा वेग वाढवावा लागतो : प्रतिकृती खऱ्या वस्तूच्या एक-सोळांश असेल तर सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून वेग चौपट, म्हणजे सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ९६ फ्रेम.

रंग थोडके निवडावेत. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे ५८९ नॅनोमीटरचा असतो, आणि त्याखाली कपडे, त्वचा, भिंती असे सारे पिवळट-करडे होऊन जाते. रहिवाशांकडून रंगच काढून घेतले आहेत, असा परिणाम साधायला तो समर्थ आहे. निळा-केशरी जोड इतका वापरला गेला आहे की सबळ कारण नसेल तर तो टाळलेलाच बरा.

दडपशाहीचे शहर अस्वच्छच असले पाहिजे, असेही नाही. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांनी १९६५ साली 'आल्फाव्हिल' या चित्रपटासाठी सेट न बांधता त्या काळच्या पॅरिसमधल्या आधुनिक इमारती रात्री चित्रित केल्या आणि काच, लांब मार्गिका व एकसुरी दिवे यांतून यंत्राच्या सत्तेखालचे शहर उभे केले. 'गॅटाका' या चित्रपटाने १९९७ साली वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या आरेखनाचे कॅलिफोर्नियातले मरिन काउंटी सिव्हिक सेंटर वापरले. तिथे सारे चकाचक आहे, आणि नको असलेल्या माणसाला लपायला कोपरा उरत नाही हीच त्यातली भीती आहे. पैसे कमी असतील तर हा मार्ग मी आधी सुचवीन : सुट्टीच्या दिवशी रिकामे पडलेले एखादे मोठे कार्यालय, छत दिसेल इतका खाली ठेवलेला कॅमेरा आणि भिंती दोन्ही बाजूंनी लांबवणारी वाइड लेन्स. याउलट गर्दीची वस्ती दाखवायची असेल तर लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी. ती मागच्या-पुढच्या इमारती एकमेकींवर दाटवते आणि मधली मोकळी जागा नाहीशी करते.

चित्रणाआधी चाचणी घ्यावी. निवडलेल्या जागांची दहा-बारा स्थिरचित्रे काढून ती कृष्णधवल करावीत, कथा ठाऊक नसलेल्या व्यक्तीला दाखवावीत आणि इथे हुकूम कोणाचा चालतो एवढेच विचारावे. उत्तर आले नाही तर आधी प्रकाश बदलून पाहावा, मग कॅमेऱ्याची उंची. सेटला हात लावण्याची वेळ त्यानंतरही आली, तर नवी वस्तू आणण्यापूर्वी फ्रेममधली कोणती वस्तू कोणाचीच नाही ते शोधून ती काढून टाकावी.