जुन्या पॉलीहाऊसचं वायरिंग बदलताय? या चुका टाळा

गेल्या तरण्या पावसात जांबोटीकडच्या एका पॉलीहाऊसमध्ये गेलो होतो. ढबू मिरची लावलेली. तोडणीला आलेल्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, त्या पाइपाला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून आम्ही त्या ओळीत शिरतच नाही." मालकाला विचारलं तर म्हणाले, "आरसीसीबी सारखा उडायचा, म्हणून वायरमननं डायरेक्ट करून दिलाय."

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, काढून टाकणं. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल आधी बोलतो. एमसीबी, म्हणजे लाइनवर जास्त भार आला की आपोआप उडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून कमी करंटला उडत नाही, आणि ओल्या पायानं उभ्या असलेल्या माणसाचा जीव जायला एक अँपिअरही लागत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती ओळखून लगेच सप्लाय तोडतो. तो उडतोय म्हणजे कुठंतरी करंट गळतोय. तो काढून टाकला तरी गळती तशीच राहते, फक्त ती कळायची वाट बंद होते. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

मग तो का उडतो, ते शोधायचं कसं? आधी वेळ बघा. पहाटे उडतो आणि अकरा वाजता ऊन आलं की बसतो, तर दोष ओलीचा आहे. एखादा बॉक्स, जोड नाहीतर पंपाची केबल ओल धरतेय. फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारा) सुरू झाला की उडत असेल, तर आधी त्या पंपाचीच लाइन सोडवा.

सगळे एमसीबी खाली करा आणि एकेक वर करत जा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. एखाद्या लाइनचा न्यूट्रल ओल्या पाइपाला टेकलेला असेल, तर तिचा एमसीबी खाली असला तरी दुसऱ्या लाइनचा करंट त्या वाटेनं जमिनीत उतरतो आणि आरसीसीबी उडतो. काहीच चालू नसताना टिकतो आणि पंखे लावले की उडतो, ही त्याची खूण. अशा वेळी मेन बंद करून प्रत्येक लाइनचा न्यूट्रलही सोडवायचा आणि 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायचा. टायमर आणि एलईडीचे ड्रायव्हर आधी काढून ठेवा, नाहीतर जळतील. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदलायचीच. नवीन काम करताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी घ्या, म्हणजे ही शोधाशोध वाचते. आणि सगळ्या पॉलीहाऊसला मिळून एकच आरसीसीबी नको, नाहीतर एका बल्बपायी सगळे पंखे बंद पडतील.

दुसरी चूक बॉक्सची. आयपी 65 चा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा) बॉक्स घेतला की काम झालं असं वाटतं. पण दिवसा बॉक्स तापतो, आतली हवा बाहेर जाते. संध्याकाळी गार झाला की ओली हवा आत ओढतो. सकाळी झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला थेंब लोंबत असतात. चारी बाजूंनी सिलिकॉन फासलं तर ते पाणी आतच अडकतं. केबल नेहमी खालून, ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुशमधून) घ्या. बॉक्समध्ये शिरायच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. बॉक्सच्या तळाला ड्रेन प्लग बसवा. खरं तर मेन बोर्ड पॉलीहाऊसमध्ये ठेवूच नये. शेजारच्या कोरड्या खोलीत न्या आणि आत गरजेपुरतंच ठेवा.

जोडाला नुसती काळी टेप गुंडाळू नका, आर्द्रतेत ती सुटते. मिरचीवर भुरी आली की गंधक मारतात, त्यानं उघडं तांबं काळं पडतं आणि जोड तापायला लागतो. आतून डिंक असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा. जुन्या वायरला नवी वायर जोडून पैसे वाचवू नका.

वेलाच्या आधाराला ताणलेल्या तारेवर लाइटची वायर बांधलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. ती तार हळूहळू इन्सुलेशन कापते आणि एक दिवस अख्ख्या ओळीत करंट उतरतो. वायर कंड्यूटमधून, म्हणजे वायरिंगच्या पाइपातून न्या.

आता अर्थिंग. न्यूट्रललाच अर्थ म्हणून पाइपाला जोडून देणारे अजून आहेत. बाहेर कुठं न्यूट्रल तुटला तर सगळा सांगाडा करंट मारेल. अर्थिंगची वायर वेगळीच हवी. सांगाड्याची प्रत्येक रांग तिला जोडलेली हवी, कारण गंजलेल्या बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही. आमच्या खानापूर भागातल्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा पावसात चांगलं रीडिंग देतो आणि एप्रिल-मेमध्ये सुकतो. म्हणून ते मोजायचं ते उन्हाळ्यात.

मेगरचं मात्र उलट. मे महिन्यात काम उरकून कोरड्यात टेस्ट घेतली की सगळं ठीकच दिसतं. मिरग निघाल्यावर, फॉगर रात्रभर चालल्यानंतरच्या सकाळी पुन्हा एकदा घ्या. मावशींच्या त्या ओळीत आम्हाला दोष सापडला तो अशाच सकाळी. एका पाइपाच्या मागं टेप सुटलेला जोड होता, बोटभर लांबीचा, हिरवा पडलेला.

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि काम चालू असताना मेनला कुलूप लावून किल्ली त्याच्याच खिशात ठेवायला सांगा.