कापसाच्या गावाचं सिम्युलेशन : या चुका टाळा

कास्तकार, मजूर, सावकार, गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला, जिनिंग असे क्लास (प्रोग्राममधले साचे) लिहिले की विदर्भातलं एक गाव संगणकात उभं राहतं. मॉडेल बिघडतं ते मात्र पाळीच्या क्रमात आणि पावसात.

पावसाची चूक सर्वांत महाग पडते. प्रत्येक कास्तकाराच्या ऑब्जेक्टमध्ये (साच्यातून बनवलेल्या नगात) पावसाचा वेगळा रँडम आकडा काढला, तर ५०० घरांत कुणाचं साधतं, कुणाचं बुडतं आणि गावाचं एकूण उत्पन्न दरवर्षी जवळपास तेवढंच येतं. दुष्काळ पडतच नाही! पाऊस गावाच्या ऑब्जेक्टमध्ये एकदाच काढा आणि सगळ्यांना तोच द्या. फरक जमिनीतून येऊ द्या: भारी काळ्या वावरात ओल टिकते, बरडावर पावसाचा खंड पडला की पऱ्हाटी (कापसाचं झाड) लगेच सुकते.

दुसरी चूक लूपची. कास्तकारांची यादी रोज त्याच क्रमाने फिरवली, तर पहिल्या नंबरचा कास्तकार नेहमी भाव पडण्याआधी विकतो. पाच हंगामांनंतरची शिल्लक यादीतल्या क्रमांकाशी ताडून पाहा. वरचे श्रीमंत आणि खालचे कर्जात दिसले, तर दोष इथेच आहे. क्रम रोज पिसा. त्याहून बरं म्हणजे आधी सगळ्यांची विक्री ठरवा, मग भाव काढा, मग व्यवहार करा. उधारी फेडायला जो पहिला वेचा घरात न ठेवता विकतो, त्याची घाई नियमातून यावी, यादीतून नव्हे.

इन्हेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासातून उपक्लास काढण्याचा, मोह होतोच. क्लास-उपक्लासची कल्पना १९६७ च्या सिम्युला या सिम्युलेशनच्याच भाषेतून आली. पण दोन एकरवाला स्वतःचं वावर आटोपून दुसऱ्याकडे वेचणीला जातो. त्याला ‘शेतकरी’ किंवा ‘मजूर’ उपक्लासात कोंबू नका. ‘माणूस’ एकच ठेवा, कामं त्याला जोडा.

सगळ्यांना सरासरी जमीनही देऊ नका. २ आणि १८ एकरांची सरासरी १० येते, पण कर्ज २ एकरवाल्याच्याच घरात शिरतं.

पैशाचा ताळा रोज घ्या: कालची गावातली रोकड, अधिक बाहेरून आलेली, वजा बाहेर गेलेली, बरोबर आजची रोकड. एका रुपयाचाही फरक आला तर रन थांबवा. बहुतेक वेळा कर्ज कास्तकाराकडे जमा झालेलं असतं आणि सावकाराकडून वजा करायचं राहिलेलं असतं. रक्कम पूर्णांकात, पैशांत ठेवा. दशांशात ताळा विनाकारण चुकतो.

एका सीडवर (रँडम आकडे जिथून सुरू होतात त्या आकड्यावर) निष्कर्ष काढू नका. निदान १०० वेळा चालवा आणि सरासरीसोबत सर्वांत वाईट १० रनही उघडून बघा.