फोनमध्ये किंवा संगणकात स्पायवेअर आहे का, हे कसं तपासावं आणि ते कसं काढावं

स्पायवेअर म्हणजे फोन किंवा संगणकातली माहिती चोरून दुसऱ्याला पाठवणारं सॉफ्टवेअर. ते म्हटलं की पेगॅसस आठवतं. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हे हत्यार ऑगस्ट २०१६मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं आणि लुकआउट या सुरक्षा कंपनीनं उघडकीला आणलं. संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एसएमएसमधून लिंक आली होती. त्यांनी ती न उघडता संशोधकांकडे पाठवली, म्हणून हे कळलं.

पण अशी महागडी हत्यारं निवडक लोकांवर चालवली जातात. इतरांच्या फोनमध्ये शिरणारं स्पायवेअर फार साधं असतं. कुणीतरी तुमचा फोन पाच मिनिटं हातात घेतं, अ‍ॅप टाकतं आणि ते मागेल त्या परवानग्या देऊन टाकतं. कधी हे आपल्याच हातून होतं, कारण "खातं बंद होणार आहे, लगेच हे अ‍ॅप टाका" असा मेसेज आलेला असतो. दोन्ही वेळा अ‍ॅपला परवानगी मिळालेली असते. म्हणून शोधही परवानग्यांपासूनच सुरू करायचा.

आधी थांबा

हे कुणी टाकलं असेल, याचा विचार सगळ्यात आधी करा. संशय घरातल्या किंवा जवळच्या माणसावर असेल तर अ‍ॅप घाईनं काढू नका. माहिती यायची थांबली की त्या माणसाला लगेच कळतं, आणि चिडलेला माणूस काय करेल हे तुम्हालाच जास्त ठाऊक असतं. शिवाय अ‍ॅप गेलं की पुरावाही जातो. त्या फोनवरून "स्पायवेअर कसं काढावं" असं शोधूही नका, तेही पलीकडे दिसू शकतं. विश्वासातल्या माणसाचा फोन वापरा, संशयास्पद स्क्रीनचे फोटो त्यावरून काढून ठेवा, आणि मारहाणीची भीती असेल तर आधी मदत मिळवून मगच फोनला हात लावा. अँटीव्हायरसच्या जाहिरातींमध्ये हे सांगत नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

अँड्रॉइड फोन

प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये मेनू वेगळ्या जागी असतात. त्यामुळे सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत नाव टाइप करणं सोपं.

१. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप शोधणारी गुगलची सोय) उघडा. ते बंद असेल आणि तुम्ही बंद केलेलं नसेल, तर संशयाला जागा आहे. बाहेरून अ‍ॅप टाकणारे आधी हेच बंद करतात.

२. अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासा. ही सोय कमी दिसणाऱ्यांना किंवा हात नीट न चालणाऱ्यांना फोन वापरता यावा म्हणून केलेली आहे. त्यासाठी अ‍ॅपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो आणि बटणंही दाबता येतात. स्पायवेअरला नेमकं हेच हवं असतं. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज वाटेत कितीही सुरक्षित असला, तरी तुमच्या स्क्रीनवर तो उघडाच असतो. या यादीत तुम्ही स्वतः सुरू न केलेलं काही दिसलं तर बंद करा.

३. डिव्हाइस अ‍ॅडमिन (फोन लॉक करण्यासारखे जादा हक्क), नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस (आलेल्या सूचना वाचण्याची मुभा) आणि अनोळखी स्रोतांतून अ‍ॅप टाकण्याची परवानगी, या तीन याद्या बघा. हेर अ‍ॅपचा आयकॉन लपवलेला असतो आणि नाव "सिस्टिम सर्व्हिस" किंवा "सिंक"सारखं असतं. सेटिंग्जमधली सगळ्या अ‍ॅपची यादी उघडली तर ते बहुधा सापडतं.

४. काढताना आधी डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क काढून घ्या, मग अ‍ॅप काढा. तरीही निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (त्यात नंतर टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत) सुरू करून पुन्हा प्रयत्न करा.

आयफोन

इथे बाहेरचं अ‍ॅप टाकणं अवघड असतं. त्यामुळे तुमचा अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे, हा प्रश्न मोठा. सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप करा आणि तिथली सगळी उपकरणं आपलीच आहेत ना ते बघा. मग जनरलमध्ये व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट उघडा. नोकरीच्या ठिकाणानं दिलेलं नसलेलं प्रोफाइल (फोनच्या सेटिंग्ज दुसऱ्याला ठरवू देणारी फाइल) तिथे दिसलं तर तो धोका समजा. आयओएस १६पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सेफ्टी चेक आहे. आपण कुणाला काय शेअर करतो ते तिथे एकत्र दिसतं आणि थांबवता येतं. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांनी लॉकडाउन मोडही सुरू करावा. काही सोयी जातात, पण पेगॅससच्या जातीच्या हल्ल्यांना तो अडवण्यासाठीच बनवलेला आहे.

कोणत्याही फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक्ड डिव्हाइसेसची यादी नक्की बघा. कुणी एकदा क्यूआर कोड स्कॅन करून दिला, तर स्पायवेअरशिवायच तुमचे मेसेज दुसऱ्या संगणकावर दिसत राहतात.

संगणक

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीवर नजर टाका आणि विंडोज सिक्युरिटीतून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रॅमलाही पकडण्याची शक्यता वाढते. मॅकमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत अ‍ॅक्सेसिबिलिटी, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि फुल डिस्क अ‍ॅक्सेस बघा. ब्राउझरची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही विसरू नका. "सर्व वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे" ही परवानगी घेतलेलं एक्स्टेंशन तुम्ही टाइप केलेला पासवर्डही वाचू शकतं. फुकटात मिळणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते आजच काढा.

साफ झाल्यावर

पासवर्ड बदला, पण खात्रीच्या उपकरणावरून. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) लावा. शंका राहिलीच तर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून उपकरण नव्यासारखं करा. फोटो आणि संपर्क परत आणा, अ‍ॅप मात्र एकेक करून नव्यानं टाका.

अपडेट लांबवू नका. सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या आयओएस १४.८नं आयमेसेजमधली एक फट बुजवली. त्या फटीतून पेगॅसस कुठेही टॅप न करता फोनमध्ये शिरत होतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तो संगणक वापरत असाल तर पुढच्या आवृत्तीकडे जा.

शेवटी फोनचं लॉक. पॅटर्न शेजारी बसलेल्या माणसाला सहज दिसतो, त्याऐवजी सहा आकडी पिन ठेवा आणि तो नवा असू द्या. मग फिंगरप्रिंटची यादी उघडा. त्यात नोंदवलेली सगळी बोटं पुसून टाका आणि फक्त आपली पुन्हा नोंदवा.