मूल हवंय आणि टेस्टोस्टेरॉन घेताय? या चुका टाळा

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचं हार्मोन, म्हणजे ते बाहेरून घेतलं की शुक्राणूही वाढणार, असा हिशोब बरेच जण करतात. शरीरात नेमकं उलटं घडतं. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचा ‘कोर्स’ केलेल्या, एरवी धडधाकट तरुणाच्या रिपोर्टवर ‘शुक्राणू शून्य’ असं येतं, ते यामुळेच.

हे का होतं ते नीट समजून घ्या. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच हे हार्मोन सोडतो. त्याच्या इशाऱ्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात पाठवते. एलएचमुळे वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएच सर्टोली पेशींना कामाला लावतं, आणि वाढत्या शुक्राणूंना सांभाळतात त्या याच पेशी. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू एलएच आणि एफएसएच दोन्ही आवरतं घेतो. ते इंजेक्शनमधून आलं की वृषणातून, हे त्याला ओळखता येत नाही. आता खरी मेख. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कित्येक पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ती पातळी बाहेरच्या इंजेक्शनने गाठली जात नाही. रक्तात सुकाळ, वृषणात दुष्काळ.

हा परिणाम इतका ठळक आहे की जागतिक आरोग्य संघटनेने तो पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिला. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 271 पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं गेलं. सहा महिन्यांच्या आत त्यातल्या 157 जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही.

जेल लावलं तरी हाच धोका असतो. ‘बूस्टर’च्या डब्यात न छापलेलं स्टेरॉइड असू शकतं, त्यामुळे लेबलवर विसंबू नका. थकवा किंवा कमी इच्छा म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉन लिहून देत असेल, तर ‘आम्हाला मूल हवं आहे’ हे आधी स्पष्ट सांगा. आधीच घेतलं असेल तर युरोलॉजिस्ट किंवा एंडोक्रायनोलॉजिस्टला (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) काहीही न लपवता सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली बंद करा. बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला काही महिने, कधी वर्षापेक्षा जास्त काळ लागतो. मधल्या काळात दुकानातून क्लोमिफीन किंवा एचसीजी आणून स्वतःच प्रयोग करू नका. ती औषधं खरोखर वापरली जातात, पण कुणाला द्यायची हे रक्ततपासणीवर ठरतं.

रिपोर्टची घाई

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यानंतर अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या नळीत, परिपक्व होण्याचे दिवस वेगळे. म्हणून आज सिगारेट सोडून पुढच्या आठवड्यात तपासणी करण्यात अर्थ नाही, तीन महिने द्या. जोराचा ताप येऊन गेला असेल तरी तेवढंच थांबा, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं आणि तापाचा फटका पुढचे काही आठवडे दिसत राहतो.

वीर्य ‘साठवून’ ठेवलं की रिपोर्ट चांगला येतो, या समजुतीने काही जण पंधरा-वीस दिवस संयम पाळतात. त्याने आकडा वाढेल, पण शुक्राणूंची हालचाल मंदावते. 2 ते 7 दिवसांचं अंतर पुरेसं आहे. नमुना नेहमीच्या कंडोममध्ये घेऊ नका. घरून नेत असाल तर बाटली अंगाजवळ उबेत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवा. एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नका. शुक्राणूंच्या संख्येसाठी 16 दशलक्ष प्रति मिलिलिटर ही खालची संदर्भपातळी आहे. आकडा त्याखाली आला म्हणून मूल होणारच नाही असं नसतं.

‘शून्य’ म्हणजे सगळं संपलं?

नाही, आणि इथेच लोक सर्वात लवकर हार मानतात. एफएसएच खूप वाढलेलं आणि वृषणं लहान असतील तर अडचण बहुधा वृषणातच असते. तरीही काहींच्या वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात. एलएच आणि एफएसएच दोन्ही कमी असतील तर वरून येणारा इशाराच पोचत नाहीये, आणि मूल व्हावं म्हणून औषधाने सुधारता येणाऱ्या मोजक्या कारणांपैकी हे एक आहे. अशा वेळी प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं आणखी एक हार्मोनही तपासतात. हार्मोन्स ठीक आणि वृषणंही नीट असतील तर शुक्राणूंच्या वाटेत अडथळा असू शकतो. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी उपाशीपोटी करा आणि कमी आलं तर पुन्हा करा, कारण दिवस चढतो तशी त्याची पातळी उतरते.

नसबंदीने मात्र यातलं काहीच बिघडत नाही. त्यात फक्त शुक्राणूंची वाट बंद होते, टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात जात राहतं. ‘ताकद जाते’ म्हणून ती टाळण्याचं कारण नाही. पण शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी तपासणीत शुक्राणू नाहीत असं दिसेपर्यंत दुसरं गर्भनिरोधक वापरा.

शेवटची चूक घराघरात होते. बायकोच्या सोनोग्राफ्या आणि गोळ्या वर्षानुवर्षं चालतात आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणीही झालेली नसते. ती स्वस्त आहे, दुखत नाही आणि तिचा निकाल बहुधा त्याच दिवशी कळतो. दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात सुरू करा.