गल्लीतली भटकी कुत्री आणि आपला पट्ट्यातला

कोपऱ्यावर चार भटकी कुत्री दिसली की हात आपोआप दोरी खेचतो. घोटाळा तिथेच होतो. दोरी ताणली की आपल्या कुत्र्याची मान आणि छाती वर उचलली जाते, आणि समोरच्यांना वाटतं हा अंगावर येतोय.

दोरी दीड मीटरची, साधी नायलॉनची घ्या. आपोआप गुंडाळली जाणारी नको. मागून रिक्षा आली की अशी दोरी वेळेत आवरत नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा, आत दोन बोटं जातील इतका सैल. भुंकाभुंकी सुरू झाली तर पळू नका. आपल्या कुत्र्याला भिंतीकडे घ्या, दोरी ढिली ठेवा आणि वळसा घालून सावकाश निघा. छोट्या कुत्र्याला पटकन उचलून घ्यावंसं वाटतं, पण मग भटकी कुत्री आपल्याच अंगावर उड्या मारतात. तुम्हाला चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा.

एप्रिल-मेमध्ये डांबराला तळहाताची मागची बाजू 7 सेकंद लावून बघा. सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. गोचिडीही तिथे लपतात.