६० रुपयांत रातभर गाणं ऐकायचं तं

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, अन् मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, नाटक म्हणजे नुसते संवाद नव्हेत बाप्पा. ऑर्गन, तबला, ढोलक समोर हजर असतात, पदं तिथल्या तिथं म्हटली जातात, आवडलं पद की 'वन्स मोर'चा गलका होतो. मी शिवणकाम करते. ब्लाउजचे पैसे लोक धान विकल्यावर देतात, म्हणून नेमक्या नाटकाच्या दिवसांत माझा डबा रिकामा असतो. तरी हंगामात चार-पाच नाटकं ऐकते. हो, ऐकते. बघायला आमचे हे येतात.

एका वर्षी मी घरी येऊन हिशेब मांडला. तिकीट ६०, काळी-पिवळी जीपचे ३०, भजे अन् चहा ७०, पोरीचा मंडईतला आकाशपाळणा ४०, बांगड्या १००, अन् अर्ध्या रात्री झोप आली म्हणून केलेल्या गाडीचा माझा वाटा १५०. झाले ४५० रुपये, त्यात गाण्याचे फक्त ६०. तेव्हापासून तिकिटात काटकसर करायचं मी सोडलं, बाकीच्यात करते.

सगळ्यात आधी परतीचं ठरवा. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं अन् पहाटेपर्यंत चालतं. मधूनच उठून निघालात की गाडी महाग पडते, अन् फटफटीवर जायचं म्हणाल तर आमच्या जंगलात वाघ आहे. हे गमतीनं नाही सांगत. म्हणून पूर्ण रात्र काढायच्या तयारीनंच जा अन् सकाळच्या पहिल्या एसटीनं या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, तेव्हा सासूबाईंना नाटकाची आवड असेल तर त्यांना घरी ठेवू नका, फक्त आधार कार्ड बरोबर घ्या. ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, सिंदेवाही ही गावं गोंदिया-बल्लारशा रेल्वेवर आहेत. वेळ जुळली तर पॅसेंजरही स्वस्त पडते.

नाटक कोणतं निवडायचं? बहुतेक मंडळ्या वडशाच्या. त्याच मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात, म्हणून एखादं नाटक दूरच्या गावी लागलं म्हणून धावू नका, आठ-पंधरा दिवसांत जवळ कुठे लागतं का ते चहाच्या टपरीवर विचारा. लोक नायकाचं नाव विचारतात. मी विचारते, ऑर्गनवर कोण आहे? नायक एक वेळ पडेल असला तरी चालतो, ऑर्गनवाला कच्चा असला तं रात्र वाया गेली.

आता जागा. खुर्चीचं तिकीट काढू नका. वादक मंचासमोर खालच्या अंगाला बसतात अन् जमिनीवरची बैठक त्यांच्या जवळ असते, म्हणजे स्वस्तातली जागाच कानाला चांगली. तासभर आधी जा अन् तबल्याच्या बाजूला बसा. साउंडच्या डब्यासमोर मात्र चुकूनही नाही. मी एकदा बसले, दोन दिवस कानात भुंगा फिरत होता. तेव्हापासून पदराच्या गाठीत कापूस असतोच.

लवकर जायचं आणखी एक कारण आहे. माझे बाबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलक वाजवायचे, त्यामुळे मला हे माहीत. थंडीत दव पडलं की कातडं ओलावतं, सैल होतं अन् सूर उतरतो. म्हणून वादक आधी येऊन शेकोटी करतात. ढोलकाचं तोंड आगीपासून हातभर लांब धरून हळूहळू फिरवतात, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकतात. तबलेवाला हातोडीनं तबल्याचे लाकडी गट्टे ठोकतो, ऑर्गनवाला एकच सूर दाबून धरतो, अन् दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले की मान हलवतो. पडदा अजून पडलेलाच असतो. माझं तिकीट तिथंच वसूल होतं. पहाटे तीनला पुन्हा सूर उतरतो, तेव्हा नीट ऐका, हातोडी पुन्हा निघते.

सोबत न्यायचं: धानाचं रिकामं पोतं, त्यात थोडं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलं की गादी होते. एक गोधडी, कानाला दुपट्टा. तांदळाची भाकर अन् जवसाची चटणी, म्हणजे भज्यांच्या वासानं जीव जात नाही. चहा मात्र विकतच घेते, एवढी कंजुषी नको. बांगड्यांच्या दुकानासमोरून जायचंच नाही, मागच्या वाटेनं शिरायचं. पोरीला पाळण्याचे पैसे आधीच मोजून हातात द्यायचे.

नाटकाचा हंगाम सरला म्हणून गाणं संपत नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर खंजिरी भजन फुकट ऐकायला मिळतं, अन् १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतं. नागपूरला कामानं जाणं झालं तर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या फाटकावरचा फलक वाचून या. तिथले कितीतरी कार्यक्रम विनातिकीट असतात. ताजबागेत उरुसाला कव्वाली असते, तिथंही तिकीट नाही. पण नुसत्या गाण्यासाठी नागपूर नको, जाण्यायेण्यातच नाटकाच्या दोन तिकिटांचे पैसे जातात.

अन् नाटकाच्या दुसऱ्या दिवशी कुणाला कामाची तारीख देऊ नका. मी दिली होती. पेंगत पेंगत कात्री चालवली अन् ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या. कापड भरून द्यावं लागलं, १२० रुपये. ते मी अजून नाटकाच्याच खात्यात धरते.