संत्र्याच्या सालीविषयीचा दावा कसा तपासावा

नागपुरी संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून पिळली की बारीक ठिणग्या उडतात. जळते ते सालीतील तेल, आणि त्यात मुख्यतः लिमोनीन असते. हे लिमोनीन किंवा सालीतीलच हेस्पेरिडिन कर्करोग बरा करते, असा संदेश आला, तर प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर झाला, उंदरांवर की रुग्णांवर, हे आधी पाहावे. बशीत संयुग पेशींवर थेट सोडले जाते. खाल्लेले हेस्पेरिडिन मात्र आतड्यात फारच थोडे शोषले जाते आणि यकृतातून जाताना त्याचे रूपही बदलते, त्यामुळे बशीतील मात्रा टोपलीभर संत्री खाऊनही रक्तात सहसा गाठता येत नाही.

वनस्पतींतून औषध मिळतच नाही, असे मुळीच नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेल्या व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच दिले जाते, आणि सदाफुलीची पाने चघळणे हा उपचार नसून विषबाधेला आमंत्रण आहे.

लक्ष्मणफळ कर्करोग बरा करते, या दाव्यालाही रुग्णांवरील भक्कम पुरावा नाही.

उपचार चालू असताना अर्क किंवा चूर्ण घेण्यापूर्वी त्याची बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवावी. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्याबद्दल तर आवर्जून विचारावे, कारण त्यांतील घटक आतड्यातील, औषधांचे विघटन करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात आणि काही औषधांची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. साध्या संत्र्याला सहसा हरकत नसते. केमोथेरपीने तोंड आले असेल, तर मात्र ते चांगलेच झोंबते.